पांथस्थ आणि धार्मिक : सूचित विनंतीच्या आकलनाविषयी काश्मिरी शास्त्रकारांतील एका वादाचा इतिहास

भर दुपारी आलेला पाहुणा ओसरीवर टेकतो आणि “ऊन फार आहे बुवा” एवढेच म्हणतो. घरातली मुलगी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून त्याच्यापुढे ठेवते. पाहुण्याने पाणी मागितलेले नाही. त्याच्या वाक्यात पाणी हा शब्द नाही, आज्ञार्थी क्रियापद नाही आणि विनंतीचे दुसरे कोणतेही चिन्ह नाही. तरीही तो पाणी मागत आहे हे मुलीने ओळखले, आणि ते तिने कशावरून ओळखले असे विचारले तर तिला ते सांगता येईलच असे नाही. या साध्या व्यवहाराची उपपत्ती लावण्याचा यत्न भारतीय शास्त्रकारांनी निदान हजार वर्षे केला. त्या यत्नाचा एक भाग, म्हणजे नवव्या ते अकराव्या शतकांत काश्मिरात झालेला अनुमान आणि व्यंजना यांविषयीचा वाद, प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे.

हा विषय हाती घेण्याचे एक निमित्त आहे. पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने वक्त्याच्या हेतूविषयी जे मांडले ते आनंदवर्धनाने अकराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे, असे विधान पदव्युत्तर वर्गांतील उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळते. क्वचित ते अध्यापकांच्या व्याख्यानांतूनही ऐकू येते. असे विधान अभिमानास सुखावणारे असले तरी शास्त्रास उपकारक नाही. दोन विचारांतील साम्य दाखविण्यापूर्वी दोघांपुढील प्रश्न एकच होता काय हे पाहणे अगत्याचे असते. आमच्या मते तो एकच नव्हता. आणि तो एक नव्हता हे ज्या दोन प्राकृत गाथांवरून दिसते, त्या योगायोगाने आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातील आहेत.

प्रथम या वादाची पूर्वपीठिका पाहू. पाचव्या शतकाच्या सुमारास झालेल्या भर्तृहरीच्या वाक्यपदीयात, दुसऱ्या कांडात, काही फार बोलकी उदाहरणे आली आहेत. आपल्याला जावयाचे आहे, सूर्य पाहा, असे कोणी म्हणाले तर ऐकणारा सूर्यबिंबाचे निरीक्षण करीत उभा राहात नाही. वेळ किती झाली आहे हे पाहा, असा त्याचा अर्थ आहे, आणि सूर्य पाहणे हा वेळ जाणण्याचा केवळ उपाय आहे, असे भर्तृहरी म्हणतो. दुसरे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. कावळ्यांपासून तूप राख, असे लहान मुलास सांगितले तरी ते कुत्र्याला तूप खाऊ देत नाही. पुढील शास्त्रग्रंथांतून हेच उदाहरण दह्याचे म्हणून येते आणि लक्षणेच्या चर्चेत ते जणू ठरलेले आहे. भर्तृहरीने तेथे मुलाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, हे विसरता कामा नये. वाक्याचे तात्पर्य नुकसान टाळण्यात आहे हे समजण्यास पांडित्य लागत नाही. त्याच संदर्भात तो म्हणतो की भोजन घालावयास सांगितले म्हणजे भांडी धुणे, जागा पुसणे या न सांगितलेल्या गोष्टीही भोजनाची अंगे म्हणून समजल्या जातात.

या सर्व उदाहरणांत भर्तृहरी कार्याच्या प्रयोजनाकडे बोट दाखवितो. सांगणाऱ्याच्या मनात काय आहे, असा प्रश्न तो येथे स्वतंत्रपणे उपस्थित करीत नाही. सांगितलेले काम कशासाठी आहे हे कळले की पुरे. मीमांसकांची भूमिकाही याच जातीची आहे, किंबहुना अधिक कडक आहे. त्यांच्या मते मूल भाषा शिकते तीच मुळी आज्ञांवरून. वडीलधारा मनुष्य दुसऱ्यास गाय आणावयास सांगतो, तो गाय आणतो, आणि बाजूला उभे असलेले मूल त्या हालचालीवरून त्याला काय समजले असावे याचे अनुमान करते. परंतु वेदाला कर्ता नाही असे मानणाऱ्या मीमांसकांना वक्त्याच्या इच्छेवर अर्थाचा भार टाकणे शक्यच नव्हते. जेथे वक्ताच नाही तेथे इच्छा कोणाची? म्हणून तात्पर्य हा वाक्याचाच धर्म, उपक्रम-उपसंहारादी लिंगांनी तो निश्चित करावयाचा, असा त्यांचा मार्ग राहिला. नैयायिकांना ही अडचण नव्हती. त्यांनी तात्पर्य म्हणजे वक्त्याची इच्छा, असे सरळ म्हटले. जेवणाच्या पाटावर बसलेल्या माणसाने सैंधव मागितले तर मीठ वाढावयाचे आणि प्रवासास निघालेल्याने मागितले तर घोडा आणावयाचा, हे त्यांचे ठरलेले उदाहरण. पण मग पोपटाच्या बोलण्यापासून होणाऱ्या अर्थबोधाचे काय? त्यासाठी काही नैयायिकांना ईश्वराच्या इच्छेचा आधार घ्यावा लागला. याचे हसू येईल. परंतु इच्छेशिवाय अर्थबोध मानावयाचा नाही हा त्यांचा आग्रह किती खरा होता हे त्यावरून दिसते.

आता मुख्य वादाकडे वळू. अवंतिवर्म्याच्या कारकीर्दीत, म्हणजे ८५५ ते ८८३ या काळात, काश्मिरात नावारूपास आलेल्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या पहिल्या उद्द्योतात प्रतीयमान अर्थ वाच्य अर्थाहून वेगळा असतो हे सिद्ध करण्यासाठी ज्या गाथा घेतल्या, त्यांतील पहिल्या दोन हालाच्या गाथासप्तशतीत आढळतात. मराठी वाचकाला ही सप्तशती स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे चांगली परिचित आहे. पहिल्या गाथेतील स्त्री एका धार्मिकाला, म्हणजे फुले वेचावयास येणाऱ्या धर्मशील माणसाला, आता निर्धास्त हिंडा असे सांगते. कारण ज्या कुत्र्याची त्याला भीती वाटत होती त्याला गोदाकाठच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने आज मारले आहे. शब्दांत हिंडण्याची अनुज्ञा आहे. अभिप्राय असा की इकडे पुन्हा फिरकू नका. टीकाकार खुलासा करतात की तो कुंज तिच्या संकेताची जागा आहे. दुसऱ्या गाथेतील स्त्री रातांधळ्या पांथस्थाला सासू कोठे निजते आणि आपण कोठे निजतो हे दिवसाउजेडीच पाहून ठेवावयास सांगते आणि रात्री आपल्या अंथरुणावर पडू नको असे बजावते. येथे शब्दांत निषेध आहे. अभिप्राय आमंत्रणाचा आहे. आनंदवर्धनाची मांडणी सुटसुटीत आहे : एका ठिकाणी विधीतून निषेध निघतो, दुसऱ्या ठिकाणी निषेधातून विधी.

या सुटसुटीतपणाचा राग लगेचच एका नैयायिकाला आला. त्याच शतकाच्या अखेरीस काश्मिरातच लिहिणाऱ्या जयंतभट्टाने न्यायमंजरीत ध्वनीचा उल्लेख, स्वतःला पंडित समजणाऱ्या कोणा एकाचे मत म्हणून, केला आहे. विधीपासून निषेध आणि निषेधापासून विधी कळण्याची असलीच उदाहरणे त्याने पुढे मांडली, आणि कवींशी असल्या गोष्टींची चर्चा करणे शोभत नाही, असे म्हणून विषय सोडून दिला. शास्त्रकार आणि साहित्यिक यांच्यातील हा दुरावा आजच्या विद्यापीठीय विभागांतही पुरता मावळला आहे असे नाही. जयंताने त्या चर्चेत आणखी थोडा वेळ घालविला असता तर बरे झाले असते.

आनंदवर्धनाविषयी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. तिसऱ्या उद्द्योतात, व्यंजना म्हणजे अनुमानच होय या आक्षेपाला उत्तर देताना, तो शब्दांचे विषय दोन प्रकारचे असतात असे सांगतो. एक अनुमेय आणि दुसरा प्रतिपाद्य. पैकी अनुमेय तो वक्त्याची विवक्षा, म्हणजे शब्द उच्चारण्याची आणि त्याने अर्थ सांगण्याची इच्छा. ही इच्छा श्रोता अनुमानानेच जाणतो, याला त्याची हरकत नाही. धुरावरून अग्नी जाणावा तसे शब्दावरून बोलणाऱ्याला काही सांगावयाचे आहे हे जाणावे. परंतु त्याला जे सांगावयाचे आहे, मग ते वाच्य असो वा व्यंग्य, ते अनुमेय नाही. म्हणजे ग्राइसने ज्याला अर्थाचे मर्म मानले, तो वक्त्याचा हेतू, त्याला आनंदवर्धनाने आपल्या सिद्धांताच्या बाहेर ठेवले, आणि ठेवताना तो प्रतिपक्षाला देऊन टाकला! ज्यांना दोघे एकच बोलतात असे वाटते त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.

दहाव्या शतकात दशरूपकावर अवलोक लिहिणाऱ्या धनिकाने व्यंजनेची गरजच नाकारली. वक्त्याच्या मनातील प्रयोजन पुरे होईपर्यंत तात्पर्य पसरत जाते, त्याला मोजून सीमा घालता येत नाही, असे तो म्हणाला. या पक्षाचे आवडते उदाहरण म्हणजे, विष खा, पण याच्या घरी जेवू नको, हा मित्राचा उपदेश. मराठीतही वैतागलेली आई मुलाला जीव दे जा कुठे तरी असे म्हणते आणि मूल विहिरीकडे न जाता गुपचूप पाटीपुढे बसते. तेव्हा उदाहरणातील मर्म समजण्यास अडचण पडू नये.

खरा हल्ला अकराव्या शतकात महिमभट्टाने केला. सगळ्या ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात होतो हे दाखविण्यासाठीच त्याने व्यक्तिविवेक लिहिला. धार्मिकाच्या गाथेविषयी त्याचे म्हणणे थोडक्यात असे : भित्रा मनुष्य भीतीचे कारण नाही अशी खात्री असेल तेथेच हिंडतो; गोदाकाठी सिंह आहे असे सांगितले आहे; तेव्हा तेथे हिंडू नये हा अर्थ हेतूवरून निघणारे साध्य आहे. त्यासाठी शब्दाच्या अंगी आणखी एक शक्ती कल्पिण्याचे कारण नाही.

या युक्तिवादाला मम्मटाने काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात दिलेले उत्तर संस्कृत शास्त्रीय गद्यातील उत्तम खंडनांपैकी एक आहे. हेतूचे तीन दोष तो दाखवितो. भित्रा माणूसदेखील गुरूच्या वा धन्याच्या आज्ञेने, किंवा प्रियेवरील प्रेमाने, भीतीचे कारण असताही जातो. म्हणून हेतू अनैकांतिक. कुत्र्याला भिणारा माणूस शूर असल्यामुळे सिंहाला न भिणे शक्य आहे. म्हणून तो विरुद्ध. आणि गोदाकाठी सिंह आहे हे प्रत्यक्षाने किंवा अनुमानाने ठरलेले नाही, केवळ एका स्त्रीच्या बोलण्यावरून कळले आहे, आणि बोलणे वस्तुस्थितीशी नेहमीच जुळते असा नियम नाही. म्हणून तो असिद्ध. असल्या हेतूवरून साध्य सिद्ध होणार कसे? पुढील परंपरेने या वादाचा निकाल मम्मटाच्या बाजूने लागला असे मानले, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांतूनही तसेच लिहिले जाते.

तथापि या निकालात एक घोटाळा आहे. गोदाकाठच्या कुंजात कोण कशाचे अनुमान करतो? धार्मिकाने काय करावे अशी त्या स्त्रीची इच्छा आहे, हे त्याने ओळखावे, असे तिला मुळीच वाटत नाही. उलट तिचा हेतू त्याने ओळखला तर तिचा डाव फसला. तिला एवढेच हवे आहे की सिंह आहे हे त्याने खरे मानावे, घाबरावे आणि येणे सोडावे. पांथस्थाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याने तिचा हेतू ओळखला नाही तर काहीच घडत नाही. तो ओळखणे हेच त्या वाक्याचे सारे फलित आहे. धार्मिकाला अनुमान करावयाचे आहे ते जगाविषयी, पांथस्थाला करावयाचे आहे ते बोलणारीविषयी. आनंदवर्धनाने विधी आणि निषेध यांच्या अदलाबदलीवर लक्ष ठेवल्यामुळे दोन्ही गाथा शेजारी बसल्या. हेतू ओळखण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांची जात एक नाही. आता महिमभट्टाचे अनुमान पाहा. सिंहावरून न हिंडण्यापर्यंत जाणारी ती साखळी धार्मिकाची आहे. त्या स्त्रीचा अभिप्राय ओळखणारा सहृदय वाचक ती साखळी वापरीत नाही. मम्मटाचा तिसरा आक्षेप, सिंह ठरलेला नाही हा, वाचकाच्या बाजूने अगदी बरोबर आहे, कारण सिंह नसावा हेच तर वाचक ओळखतो. पण धार्मिकापुरता तो लागू पडत नाही, कारण त्या बिचाऱ्याचा सिंहावर विश्वास बसलेला आहे. दोघे मातबर पंडित एका गाथेवर भांडले, पण एकाचे लक्ष गाथेतील श्रोत्यावर होते आणि दुसऱ्याचे गाथेबाहेरील श्रोत्यावर. सूचित विनंती श्रोता कशी ओळखतो याची कसोटी पांथस्थाच्या गाथेवर लागावयास हवी होती.

याचा अर्थ मम्मटाने त्या प्रश्नाला स्पर्शच केला नाही असा नव्हे. तिसऱ्या उल्लासात त्याने वाच्याहून निराळा अर्थ कळण्यास साहाय्यक होणाऱ्या गोष्टींची जंत्री दिली आहे : बोलणारा कोण, कोणाला उद्देशून, स्वराचा हेल कसा, वाक्याची आणि वाच्याची घडण, जवळ आणखी कोण आहे, प्रसंग कोणता, स्थळ आणि वेळ. पाचव्या उल्लासात सूर्य मावळला या दोन शब्दांच्या वाक्याचे त्याने जे केले आहे ते तर अपूर्वच. एका प्रसंगी त्याचा अर्थ शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली असा, दुसऱ्या प्रसंगी काम आवरा असा. कोठे संध्येला बसा, कोठे गुरे घरात घ्या, कोठे लांब जाऊ नका, कोठे विकावयाचा माल गोळा करा. वाच्य अर्थ सर्वांना एकच. समजलेला अर्थ प्रसंग, वक्ता आणि श्रोता बदलतील तसा बदलणारा. भर्तृहरीपाशीही सूर्यच होता. परंतु तेथे सूर्य पाहा ही उघड आज्ञा होती आणि तिच्या मागची दुसरी आज्ञा ओळखावयाची होती. मम्मटापाशी आज्ञा कोठेच उरलेली नाही. एका साध्या विधानात जितके प्रसंग तितक्या विनंत्या सामावल्या आहेत. सहाशे वर्षांत प्रश्न किती पुढे सरकला होता हे या दोन उदाहरणांवरून मोजता येते.

अर्वाचीन पाश्चात्य विचाराकडे आता त्वरेने पाहू. ग्राइसचा अर्थविषयक निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला. वक्त्याने काही सुचविले असे म्हणावयाचे तर त्याचा हेतू श्रोत्याने ओळखावा आणि ओळखल्यामुळेच इष्ट परिणाम व्हावा, अशी त्याची अट. या अटीने पाहता गोदाकाठची स्त्री धार्मिकाला काहीच सुचवीत नाही. ती त्याला फसवीत आहे. पांथस्थाला मात्र ती खरोखर सुचविते. पुढे १९६७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत ग्राइसने संभाषणातील सहकार्याचे तत्त्व मांडले. त्यावर आणि ऑस्टिनच्या वाक्क्रियांच्या विचारावर आधारून जॉन सर्ल यांनी १९७५ साली अप्रत्यक्ष वाक्क्रियांची उपपत्ती रचली. मीठ इकडे देऊ शकाल का, या प्रश्नापासून विनंतीपर्यंत श्रोता पायरीपायरीने पोचतो, असे तिचे स्वरूप आहे.

या अनुमानाचे स्वरूप मात्र महिमभट्टाच्या अनुमानाहून भिन्न आहे. ते व्याप्तीवर उभे नाही. वक्ता शहाणा आहे आणि काही कारणाने बोलतो आहे एवढे धरून सर्वांत संभवनीय कारण निवडणे, इतकेच त्यात आहे. ते चुकू शकते, मागे घेता येते. मम्मटाचे तीनही हेत्वाभास अशा अनुमानाला बाधत नाहीत, कारण निश्चयाचा दावाच त्यात नाही. महिमभट्ट हरला तो अनुमान या शब्दाचा न्यायशास्त्रातील कडक अर्थ पत्करल्यामुळे. त्या काळच्या शास्त्रात संभाव्य तर्काला प्रमाणाचे स्थान असते तर निकाल कदाचित निराळा लागता.

उलट, पायरीपायरीच्या उपपत्तीला प्रयोगांनी पुरता दुजोरा दिला असेही नाही. १९७९ साली रेमंड गिब्ज यांनी दाखविले की पुरेसा संदर्भ आधी दिलेला असला तर सूचित विनंती समजण्यास सरळ अर्थ समजण्याहून अधिक वेळ लागत नाही. वाच्यार्थ घ्यावा, तो नाकारावा आणि मग पुढे जावे, असे मनात घडत असते तर वेळ वाढावयास हवा होता. त्याच वर्षी हर्बर्ट क्लार्क यांनी दुकानदारांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारून त्यांची उत्तरे तपासली. दुकान किती वाजता बंद होते ते सांगू शकाल का, या प्रश्नाला अनेकांनी हो म्हणून मग वेळ सांगितली. म्हणजे वाच्य आणि सूचित असे दोन्ही अर्थ एकाच उत्तरात स्वीकारले. अमुक मद्याची किंमत पाच डॉलरांहून जास्त आहे का, असे विचारताना आपल्याजवळ पाचच डॉलर आहेत असे आधी सांगितले तर दुकानदार बहुधा हो किंवा नाही एवढ्यावर थांबतो. मद्य विकत घ्यावयाचे आहे असे सांगितले तर नेमकी किंमत सांगण्याकडे त्याचा कल वाढतो. विचारणाऱ्याचा बेत काय आहे हे कळले की उत्तर बदलते. कावळे आणि तूप यांच्या उदाहरणात भर्तृहरीने दाखविलेली प्रयोजनदृष्टी ती हीच, आणि बोलणारा, प्रसंग, वेळ ही मम्मटाची जंत्रीही येथे नव्याने उपयोगी पडते.

मराठी विभागांत या दिशेने करण्यासारखे काम पुष्कळ आहे. पाणी मिळेल का, हा प्रश्न आता रूढीनेच विनंती झाला आहे. हो, मिळेल, असे म्हणून जो बसून राहील त्याला आपण फटकळ म्हणू. ऊन फार आहे बुवा, हे वाक्य तसे रूढ नाही. ते प्रत्येक वेळी नव्याने ओळखावे लागते. काव्यप्रकाशातील रूढी आणि प्रयोजन हा लक्षणेचा भेद विनंत्यांना लावून पाहिला तर कोणती वाक्ये या दोन टोकांच्या मध्ये कोठे पडतात हे निश्चित करता येईल. त्यासाठी कवितेपेक्षा ओसरीवरचे, दुकानातले आणि बाजारातले बोलणे गोळा करावे लागेल.

पांथस्थाच्या गाथेकडे पुन्हा वळावयाचे तर तिच्यात आणखी एक श्रोता संभवतो. सासू जवळपास असली तर तेच वाक्य तिच्याही कानी पडते, आणि तिच्यापुरते ते एका रातांधळ्याला केलेली सावधगिरीची सूचना म्हणूनच राहिले पाहिजे. उद्या विचारणा झाली तर त्या स्त्रीला आपण फक्त निषेधच केला होता असे खरेपणाने सांगता येईल. शब्दांचे उत्तरदायित्व तिचे. सूचिताचे तिचे की ते ओळखणाऱ्याचे, हा प्रश्न आनंदवर्धनाने काढला नाही, महिमभट्टाने काढला नाही आणि मम्मटानेही काढला नाही. पांथस्थाने काय केले हे गाथेत सांगितलेले नाही.